थोरली आली का?

२ मार्च

भिंगरे,

पत्र बघून दचकू नकोस, आई ठीक आहे. म्हणजे जेवते, झोपते, हिंडते-फिरते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपलं लगेच वाजतं, आणि मग तू मधेच ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, तेवढी ओळखते मी तुला.

काम एवढंच आहे. थोरलीचं बी पाठव.

तुझ्याकडेच आहे ते. घर रिकामं करत होतो तेव्हा मी आत भांडी कागदात गुंडाळत होते आणि तू परसातल्या फळीवरची काचेची बरणी उचललीस, ते खिडकीतून दिसलं होतं मला. तेव्हा काही बोलले नाही. तेव्हा मला आई हवी होती आणि ती मला मिळाली होती. म्हटलं, बी तिला नेऊ दे.

लोकांच्या परसात नुसते टोमॅटो असतात, आपल्याकडे त्यांनाही नावं. तळहाताएवढी, चुण्या पडलेली, उन्हाळा संपता संपता येणारी जात ती थोरली, आणि गोटीएवढी, लवकर लाल होऊन मोकळी होणारी ती धाकटी. आई सकाळी परसाचं दार उघडायची तेच मुळी ‘थोरली आली का?’ असं म्हणत. आणि बाबांचा तो ठरलेला विनोद. ‘थोरलीला पाणी घाला’ म्हटलं की ‘कुठल्या? परसातल्या की अभ्यासाला बसलेल्या?’ दर वेळी स्वतःच हसायचे. मग थोरली आडवी कापायची, मीठ लावायचं, आणि मधली फोड तुझी. मधली फोड तुझी हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. मी धरूनच चालले होते.

आता आई रोज थोरली मागते. दुसरं काहीच मागत नाही गं. खिडकीबाहेर बघत बसते, आणि मी समोरून गेले की विचारते, ‘थोरली आली का?’

हे तुला कळवलं नव्हतं, पण गेल्या हिवाळ्यापासून ती मला ओळखत नाही. तिच्या लेखी मी शिवणवाल्या बाई. अहोजाहो करते मला. सकाळी मागच्या खोलीतून पुढे दुकानात येते, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसते आणि नम्रपणे विचारते, ‘झालं का हो शिवून?’ ‘होतंय’ म्हटलं की समाधानाने गप्प बसते. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना ही बुद्धी मिळो.

तुझ्या मात्र गोष्टी सांगते. भिंगरी कशी छपरावर चढली, भिंगरीने गुरुजींना कसं निरुत्तर केलं. मला सांगते, शिवणवाल्या बाईंना. मी मान डोलावते आणि काजं करते.

तर बी पाठव. इथली हवा थंड आहे, मला माहीत आहे, मला ते शिकवू नकोस. तिला हवी असलेली एक गोष्ट तरी माझ्या हातून मिळू दे.

ताई


२३ मार्च

भिंगरे,

पाकीट मिळालं. दोन पुड्या आणि एक चिठ्ठी. ‘बी जुनं आहे. तिकडे थोरली व्हायची नाही, धाकटी लाव.’ बस्स. आई कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. तिकडे उबेत बसून उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय काही गेली नाही.

मला जास्त राग आला तो इथला रोपवालाही नेमकं तेच म्हणाला म्हणून. आमच्या गल्लीच्या चढावर त्याचं काचेचं शेड आहे. कोटाची चेन बदलायला आला होता. मी विचारलं, थंड हवेत कुठला टोमॅटो घ्यावा? झालं, माणूस फुलला. चेन राहिली बाजूला, मला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेला. बाजारातलं संकरित बी तो ठेवत नाही. लोकांनी घरात वर्षानुवर्षं राखलेलं बी कुठून कुठून मागवतो आणि डब्यांवर नावं न लिहिता खुणा करतो. एक जात बटाट्यासारख्या पानांची, थंडीच्या मुलखातून आलेली. तिला रात्रीचा गारठा लागला तरी फळ धरतं. एक गुडघ्याएवढीच वाढणारी झुडपी. एक काळपट तपकिरी, दिसायला नासकी पण चवीला उत्तम, असं तो म्हणाला. मी त्याला थोरलीचं वर्णन केलं.

‘ताई, नाद सोडा,’ म्हणाला. ‘इथे उन्हाळा येतो तो उभ्या उभ्या पाणी पिऊन जातो. तेवढ्यात ज्याचं उरकेल तेच लावायचं. फळ लहान, जात लवकरची. तळहाताएवढं फळ म्हणजे नुसता हट्ट.’

म्हटलं, हट्ट माझा नाही, आईचा आहे.

‘मग त्यांना ही काळी द्या. मोठी असते तशी. त्यांना काय कळतंय?’

कळतं तिला. माझं तोंड तिला ओळखू येत नाही, पण चव कळते. साखर कमी पडली तर कप सरकवून देते. मी त्याच्या तिन्ही जाती घेतल्या, बदल्यात चेन बसवून दिली, आणि घरी येऊन थोरलीचं बी ओल्या फडक्यात बांधून इस्त्रीच्या फळीवर ठेवलं. माझ्या घरात तेवढी एकच जागा दिवसभर ऊबदार असते. धाकटीही लावली, नाही असं नाही.

तुझं बी खरंच जुनं निघालं. मूठभर बियांतून थोरलीच्या दोनच उगवल्या. पण उगवल्या.

ताई


१९ मे

भिंगरे,

रोपं बाहेर लावली. एवढे दिवस ती शिलाई मशीनच्या टेबलावर होती आणि मी कोट मांडीवर घेऊन टाके घालत होते. एका बाईंच्या पँटच्या खिशात माती गेली. त्यांनी धुऊन द्या म्हटलं नाही, पण चेहऱ्याने म्हटलं.

इथे ऊन खरं म्हणजे एकाच ठिकाणी टिकतं, दुकानाच्या खिडकीखालच्या भिंतीशी. दगड दुपारी तापतो आणि संध्याकाळपर्यंत कोमट राहतो. जागा दोन रोपांपुरती. रोपवाला स्वतः बघायला आला होता. म्हणाला, बटाट्याच्या पानांची इथे लावा, टोपलीभर टोमॅटो खाल. मी तिथे दोन्ही थोरल्या लावल्या. बाकीच्यांना मागच्या अंगणात वाऱ्यावर सोडलं. तो टोपी घालून निघून गेला.

तुझं या वेळचं पत्र मोठं होतं. तीनदा वाचलं, लपवत नाही. मुलीचा दात, तुझी गुडघेदुखी, सगळं. तू विचारलंयस, आई माझी आठवण काढते का. काढते की. रोज काढते. मी पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हा वाटलं होतं, तुला पोचेल आणि जरा लागेलही. आता सरळ सांगते, तुझ्याशिवाय तिला दुसरी गोष्ट माहीत नाही.

आणि तू सुट्टीत येऊ का विचारलंयस. येऊ नकोस.

रागावू नकोस, नीट ऐक. तू दारातून आत आलीस की ती तुला ओळखेल. मला खात्री आहे. ‘भिंगरी!’ म्हणून उठेल, आणि मी तिथेच उभी असेन, गळ्यात टेप अडकवून. ती तुला म्हणेल, या शिवणवाल्या बाई, फार चांगल्या आहेत हो. मला ते झेपायचं नाही. बाबा गेल्यावर तू म्हणाली होतीस, तिला त्या थंडीत नेऊ नकोस, ती कोमेजेल. मी नेली, कारण मला वाटलं, एकदाची ती आणि मी अशा दोघीच असू. दोघीच आहोत. तिला ते माहीत नाही, एवढंच.

थोरली पिकू दे. मग बघू.

ताई


११ जुलै

भिंगरे,

इथे याला उन्हाळा म्हणतात. सकाळी धुकं, दुपारी ढग, रात्री अंगावर गोधडी. थोरलीला फुलं भरपूर आली आणि सगळी देठापासून गळली. रोज सकाळी भिंतीपाशी पिवळा सडा. रोपवाल्याला बोलावलं तर म्हणाला, रात्र गार पडली की मोठ्या जातीची फुलं धरत नाहीत, मी सांगितलंच होतं. सांगितलंच होतं म्हणणाऱ्या माणसांची मला आयुष्यभर कमतरता पडली नाही.

पण त्यानेच उपाय सांगितला. दुपारी जरा ऊब असते तेव्हा फुलांच्या देठांना हलकी टिचकी मारायची, म्हणजे पराग सुटतो. मी रस्त्यात उभी राहून टोमॅटोला टिचक्या मारते. शेजारचा न्हावी दुकानातून बघतो आणि गिऱ्हाइकांना दाखवतो. दाखवू दे. एक फळ धरलंय, भिंगरे! एका झाडाला एकच, पण धरलंय. दुसरं झाड सरळ नुसतं पानांचं झालंय.

त्याच्या बटाट्याच्या पानांचीला मात्र वाऱ्यावरसुद्धा घोस लागलेत. धाकटीही लाल झाली. मी वाटीभर धुऊन आईपुढे ठेवली. तिने दोन खाल्ले, ‘छान आहेत हो’ म्हणाली. पाहुणीसारखी. मग वाटी बाजूला सरकवून, ‘थोरली आली का?’

म्हटलं, तिला उशीर आहे अजून.

‘हो, तिला उशीरच होतो,’ आई म्हणाली. ‘पण येते. कधी चुकत नाही.’ मग खिडकीला नाक लावून बाहेर बघितलं. धुकं होतं. एकदम कासावीस झाली. माझी बाही धरली. ‘अहो, तिला थंडी सोसत नाही. बोलायची नाही ती, पण सोसत नाही. काहीतरी घाला ना तिच्या अंगावर.’

मी लगेच उठले. कोटांच्या अस्तराचे तुकडे पडलेले असतात, ते जोडून एक मोठी झूल शिवली आणि झाडाला गुंडाळली. आता रोज संध्याकाळी गुंडाळते, सकाळी काढते. तिला दाखवलं, बघा, घातलं हो अंगावर. तिने मान हलवली, पण खुर्चीतून उठून आत काही गेली नाही.

हिरवं फळ सफरचंदाशेजारी ठेवलं की पिकतं असं लिहिलंयस, ते लक्षात ठेवते.

ताई


२६ सप्टेंबर

भिंगरे,

थोरली तोडली. हिरवीच.

आणखी थांबायचं होतं. तळहाताएवढी झाली होती, चुण्यांसकट, अगदी आपल्या परसातल्यासारखी, आणि खालच्या बाजूला किंचित पांढुरकी पडायला लागली होती. पण परवा रोपवाला धावत आला. रात्री दहिवर गोठणार, काय असेल ते घरात घ्या. त्याच्या हातात स्वतःचीच टोपली होती, तरी मला सांगायला चढ उतरून आला. मागच्या अंगणातल्या सगळ्या जाती कधीच खाऊन संपल्या, त्यातल्या काळीची चव खरंच उत्तम होती. एकदा त्याला तसं सांगायला हवं. सकाळी भिंतीपाशी थोरलीची दोन्ही झाडं काळी पडून लोंबत होती. अस्तराची झूल कडक झाली होती.

तुझं ऐकून फळ कागदात गुंडाळलंय, पिकलेल्या सफरचंदाशेजारी, बटणांच्या खणात. रोज उघडून बघते.

आता दुसरं. आईला खोकला लागलाय. छातीत बसलाय. इथल्या दवाखान्यातली डॉक्टर मुलगी बरी आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, हा हिवाळा जड जाईल. मी म्हटलं, जड म्हणजे? तर माझ्या हातावर हात ठेवला तिने. भिंगरे, ‘मी सांगितलंच होतं’ असं लिहिलंस तर मी पत्र उघडणार नाही.

आई जेवत नाही धड. खुर्चीतच डोळे मिटून बसते. डोळे उघडले की तेच विचारते. मी म्हणते, येतेय, रस्त्यात आहे. खोटं नाही ते, खणात रंग धरतेय ती. फक्त घाई कर म्हणावं तिला.

ताई


९ ऑक्टोबर

भिंगरे,

काल थोरली कापली. रंग आला होता. पूर्ण नाही, देठाकडे पिवळी राहिली होती, आणि वास जवळजवळ नव्हता. पण आणखी थांबले असते तर नासली असती. आई करायची तशीच आडवी कापली, मीठ लावलं, चांगल्या बशीत मांडली. दुकानाचं दार लावून घेतलं. मला गिऱ्हाईक नको होतं मधे. आईसमोर वाकून म्हटलं, ‘बघा, थोरली आली.’

काय सांगू तुला. ती उठून उभी राहिली. आठवडाभर जिला आधार दिल्याशिवाय उठता येत नव्हतं ती दोन्ही हात खुर्चीवर टेकून उभी राहिली, आणि तोंड एवढं उजळलं की मला वाटलं, वर्षाचं सोनं झालं. ती दाराकडे बघत होती. ‘कुठे आहे?’

‘ही काय.’ मी बशी पुढे केली.

तिने बशीकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागावली नाही. माझी कीव आली असावी तिला.

‘अहो बाई,’ ती हळूच म्हणाली, ‘हा टोमॅटो आहे. मी माझ्या थोरल्या मुलीचं विचारतेय. शिवणाच्या क्लासला जाते ती. येताना मला न्यायला येणार आहे.’

मी बशी मशीनवर ठेवली आणि तिथेच खाली जमिनीवर बसले.

तिला उशीर होतो पण ती येते. तिला थंडी सोसत नाही, बोलायची नाही ती. अंगावर काहीतरी घाला. आणि मी उठून टोमॅटोला झूल शिवली! वर्षभर ही बाई माझ्या दुकानात बसून माझी वाट बघत होती आणि मी रस्त्यात टिचक्या मारत होते. मला एकदाही वाटलं नाही गं. एकदाही नाही. तिने तुझं नाव घेतलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं मला. आई मला मागेल हे माझ्या मनातच आलं नाही. टोमॅटो मागेल हे आलं.

‘आई,’ मी म्हटलं, ‘मी आले. मीच थोरली.’

तिने माझ्याकडे वाकून बघितलं. डोक्यावरून हात फिरवला, पांढऱ्या केसांवरून. ‘तुम्ही फार चांगल्या आहात हो,’ म्हणाली. ‘पण ती एवढीशी आहे. दोन वेण्या घालते. तिला यायला अंधार झाला की मला करमत नाही.’

मग बसली आणि खायला लागली. कडेच्या फोडी एकेक करून सगळ्या खाल्ल्या. इतक्या दिवसांत प्रथमच पोटभर काही खाल्लं तिने. मधली फोड तेवढी बशीत राहिली. मी म्हटलं, ही भिंगरीला ठेवलीत का?

‘भिंगरीला कशाला?’ आई म्हणाली. ‘ती मागून घेते हवं ते. ही थोरलीची. ती मागत नाही कधी, पण तिला आवडते.’

मला रडू आवरेना. मी ती फोड उचलायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. ‘तिची आहे ती, राहू द्या.’

आज ती फोड सुकायला लागलीय. बशी आईच्या मांडीवर आहे, ती कुणाला हात लावू देत नाही. मघाशी ताप बघायला डॉक्टर मुलगी येऊन गेली. म्हणाली, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

मे महिन्यात मी लिहिलं होतं, येऊ नकोस. ते पत्र फाडून टाक. सुट्टी बघू नकोस, सामान भरू नकोस, ये. चेहऱ्याने ती तुलाही ओळखणार नाही कदाचित, पण तुझा आवाज अजून तसाच आहे, लहानपणचा. तू ‘आई’ म्हणालीस की ती वर बघेल. मला आता त्याचं काही वाटणार नाही. खुशाल तुला मिठी मारू दे तिला, मी बाजूला उभी राहीन. फक्त नंतर माझा हात धरून मला पुढे ने, आणि तिला सांग, आई, ही बघ थोरली आली. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.

थोरली